कुसुमताईंच्या घरामागचा बर्फ

त्या दिवशी आम्ही इतकी माणसं होतो. मी, पार्वती. माझा मुलगा सुनील, तो वरच्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करत होता. सूनबाई स्वाती, ती खाली जेवणाच्या टेबलावर कानाला ते यंत्र लावून बसलेली. नात रिया, तेरा वर्षांची, शाळेला बर्फाची सुट्टी म्हणून घरात. समोरच्या ओळीत जोशीकाका, बायको गेल्यापासून एकटे राहतात. त्यांच्या शेजारी पल्लवी आणि तिची दोन लेकरं. आणि आमच्याच ओळीत, चार घरं सोडून पाचव्या घरात, कुसुमताई. त्याही त्या दिवशी एकट्या. त्यांचा मुलगा अमोल आणि सून मृदुला टेक्सासला लग्नाला गेलेले, विमानं बंद झाली म्हणून तिकडंच अडकले.

एवढेच. सगळे हाकेच्या अंतरावर.

यातल्या कुसुमताई त्या दिवशी गेल्या. त्यांच्या घरात एक वस्तू जागेवर असती तर त्या वाचल्या असत्या. ती वस्तू जागेवरून कुणी काढली हे मला पहिल्यापासून माहीत होतं. वर्षभर मी ते घराबाहेर बोलले नाही.

यंदा परत बर्फ पडला. परवा सकाळी डोळे उघडायच्या आधीच मला कळलं. बर्फ पडला की उजेड खालून येतो, जमिनीवरून. छत चुना लावल्यासारखं पांढरं दिसतं. आवाज काही नसतो. आमच्या माण तालुक्यात पाऊसच मुळात कमी, पण गारा पडायच्या तर पत्रा असा वाजायचा की माणूस आधी डोकं झाकायचा, मग शेळ्या आत घ्यायचा. तिथं वाईट काय यायचं ते ओरडत यायचं. इथलं गपचूप येतं. तुम्ही झोपता तेव्हा अंगण असतं, उठता तेव्हा नसतं.

फोन उघडला. आमच्या कॉलनीतल्या मराठी माणसांचा एक ग्रुप आहे. मला लिहिलेलं भरभर वाचता येत नाही, पण फोटो बघते आणि बोललेलं ऐकते. पल्लवीनं डेकवरचा, लाकडी ओट्यावरचा, फोटो टाकला होता, कठड्यावर चहाचा कप, मागं पांढरं. खाली लिहिलेलं रियानं वाचून दाखवलं, "सो प्रीटी!" कुणी पोह्यांचा फोटो टाकला. कुणाची गाडी नुसता ढीग होऊन उभी. कुणी म्हणलं, गुलाबी थंडी. इथली थंडी गुलाबी नसते. नाकातला श्वास आतल्या आत कडक होतो, डोळ्याला पाणी आलं तर पापण्या चिकटतात. पण लोक म्हणतात. कौतुक करायला काहीतरी लागतं, नाहीतर पाच महिने काढायचे कसे.

गेल्या वर्षी पण असंच चाललं होतं. सगळे तेच, फोटो तेच. जोशीकाका दर बर्फाला डेकवर लाटणं उभं खोचतात आणि किती बुडालं त्याचा फोटो टाकतात. त्या दिवशी लाटणं दिसतच नव्हतं. ते बोलले होते, "मंडळी, लाटणं बुडालं. आज पोळ्या नाहीत. कुणाकडं आमंत्रण आहे का?" त्यावर सगळे हसले. कुसुमताईंचा आवाज आला, "अजी काका, लाटणं सापडलं तरी पोळी गोल होते का तुमची?" परत सगळे हसले. सकाळचे नऊ वाजले असतील. पारा इतका खाली गेला होता की शाळाच काय, दुकानंही बंद. वारा मागच्या बाजूनं, शेताकडून येत होता आणि बर्फ घरांच्या मागच्या भिंतींवर नेऊन थापत होता. पुढचं अंगण गुडघाभर, मागं खिडकीपर्यंत. पण मागं कोण बघतंय. मागं दार असतं आणि भिंतीतून निघालेले दोन पांढरे पाइप. मी सात वर्षं ते पाइप बघत होते. ते कशाचे, हे मी कधी विचारलं नाही.

कुसुमताई नागपूरच्या. प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी चौथी, तीही अर्धी. आमची जोडी कशी जमली ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. दोघींची पोरं दिवसभर काम करणारी, दोघींना गाडी चालवता येत नाही, दोघींना इंग्रजी येत नाही, म्हणजे त्यांना येत होतं पण इथल्या माणसांचं कळत नव्हतं. दुपारी त्या आमच्याकडं, नाहीतर मी त्यांच्याकडं. वाती वळायच्या. इतक्या वाती वळल्या आम्ही की अख्ख्या गावाला वर्षभर पुरतील. त्या फोनमधून पेपर वाचून दाखवायच्या. फोनवर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं, मग सोडायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा मी बोट दाबून गप्पच बसले. त्या म्हणाल्या, "अवो पार्वताबाई, बोला नं काही! फोन काय तोंड पाहून समजणार आहे का?"

तिखटावरून आमची रोजची भांडणं. मी म्हणायची, सातारकडचं तिखट खाऊन बघा. त्या म्हणायच्या, "तुमचं तिखट म्हणजे लेकराचं औषध. आमचा ठेचा खा, मग बोला."

त्या ठेच्यापासूनच सगळं झालं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात. लोखंडी तव्यावर मिरच्या भाजायला टाकल्या, त्यावर लसूण. ज्यांनी अमेरिकेत संसार केला त्यांना पुढचं सांगायला नको. छताला ती पांढरी गोल डबी असते, धूर लागला की वाजणारी, ती ओरडायला लागली. आपल्या फोडणीला ती रोज ओरडते. मोहरी तडतडली की ही ओरडणार. मग घरातल्या कुणीतरी टॉवेल घेऊन खाली उभं राहायचं आणि वारा घालायचा. नवीन सून आली, नवीन विद्यार्थी आला, की आपली माणसं त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात, तांदूळ कुठं मिळतो ते नंतर. कुणी डबीला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालतं. आमच्या घरात ती टोपी दोन वर्षं होती. आम्ही त्यावर हसायचो. पाहुण्यांना दाखवायचो.

कुसुमताई ताट घेऊन वारा घालत होत्या, गुडघे धरत, हसत. वरून मृदुला धावत आली, कानाला यंत्र. "आई, प्लीज! माझा कॉल चालू आहे, बॉस ऐकतोय सगळं!" ती परत वर गेली. कुसुमताईंचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवलं नाही. मी स्टूल ओढलं, चढले, डबीला अर्धा पीळ दिला, ती हातात आली. आत सेल होते ते काढले. एकदम शांत. खाली उतरले आणि त्यांच्या फडक्यात ती गुंडाळून डाळींच्या ड्रॉवरमध्ये, मसुराच्या डब्यामागं ठेवून दिली.

त्या म्हणाल्या, "लावून द्याल नं मग?"

मी म्हणलं, "दिवाळी होऊ दे, लावते."

दिवाळी झाली. त्यांचे गुडघे सुजले, मला खोकला झाला. शिवाय फोडणी तर रोजच होती. रोज कोण स्टुलावर चढणार. छतावर नुसती गोल पांढरी चकती राहिली, डबी नसलेली. वर कोण बघतं.

त्या दिवशी साधारण दहा वाजता कुसुमताईंचा आवाज ग्रुपवर आला. "डोकं लय धरलंय सकाळपासून. आणि मळमळतंय. थंडी बाधली वाटते."

मी ते आजही ऐकते. फोनमध्ये आहे. रियानं मला एकदा विचारलं, "आजी, व्हाय डू यू कीप लिसनिंग?" मी म्हणलं, असंच.

त्यांच्या त्या बोलण्यावर पटापट उत्तरं आली. सगळ्यांना जीव होता त्यांच्यावर, म्हणूनच आली. सुंठ उगाळून कपाळाला लावा. आल्याचा चहा घ्या. पित्त असेल, उपाशी राहू नका. ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीनं शेका. पल्लवीनं लाल बदाम टाकला आणि लिहिलं, टेक रेस्ट काकू. जोशीकाकांनी कुठल्यातरी गोळीचं नाव सांगितलं. एकूण दहा-बारा जणांनी काहीना काही सांगितलं. त्यात मीही होते. मी बोट दाबून धरलं आणि बोलले, "कुसुमताई, दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. फटी असतील तिथं जुनी लुगडी, टॉवेल लावा. भिंतीवरचं बटण फिरवून गरम वाढवा आणि पांघरूण घेऊन पडा. थंडीला आत येऊच देऊ नका."

त्यांनी तसंच केलं. शाळामास्तरीण होत्या, पण माझं ऐकायच्या.

जायचं माझ्या मनात आलं होतं. दारातल्या बुटांशी गेलेही. सुनील वरून उतरला, "आई, कुठं? बाहेर बघ किती आहे. पडलीस तर खुबा मोडेल, मग तीन महिने बेडवर. ताई ठीक असतील, डोकंच दुखतंय ना." त्याचं बरोबर होतं. त्याच्या आदल्या वर्षी पल्लवीची सासू अशीच पडली होती. मी मागं फिरले. भाजी चिरली. भाकरीचं पीठ मळलं. काम हातात असलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय.

बारा-साडेबाराला परत त्यांचा आवाज. या वेळी ग्रुपवर नाही, नुसता मला. हळू, ओढत. "पार्वताबाई... कढी असंल तुमच्याकडं तं... उद्या आणजा. आज झोप येऊन राहिली मले." शेवटचा शब्द अर्धाच. मला वाटलं, बरं झालं, झोप लागतेय. झोपेनं डोकं उतरेल.

तीनच्या सुमाराला मला राहवलं नाही. सुनीलचं दार बंद, आतून त्याच्या हसण्याचा आवाज, मीटिंग रंगात आलेली. मी डब्यात मुगाची खिचडी भरली, रियाला म्हणलं चल माझ्याबरोबर. तिनं कुरकुर केली, पण माझा हात धरला. चार घरं ओलांडायला आम्हाला पाव तास लागला. बर्फ मांडीपर्यंत. माझी साडी खाली ओली होऊन लगेच कडक झाली, पत्र्यासारखी वाजायला लागली.

त्यांच्या पुढच्या दाराचं कुलूप आकडे दाबून उघडतं, ते आकडे रियाला माहीत होते. दार उघडायला जोर लावावा लागला, कारण खाली आतून टॉवेल दाबलेला. आत ऊब. अशी ऊब की पहिल्यांदा बरंच वाटलं. वास काही नाही. धूर काही नाही. कुसुमताई सोफ्यावर, अंगावर गोधडी. चेहरा गुलाबी. मला वाटलं बऱ्या झाल्या. इतका चांगला रंग मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. मी शेजारी बसले, तळपाय चोळायला लागले, हाक मारत राहिले. खिडकीच्या फटींना त्यांच्या जुन्या सुती साड्या नीट घड्या करून लावलेल्या. एकही फट सोडली नव्हती.

रिया दारातच उभी होती. एकदम ओरडली, "आजी, आउट! नाऊ! इट्स द गॅस!" मला काही कळेना. कसला गॅस, शेगडी तर बंद. त्या पोरीनं मला काखेतून धरून ओढत बाहेर काढलं, बर्फात बसवलं, दार सताड उघडं ठेवलं आणि फोन लावला. शाळेत त्यांना शिकवतात म्हणे. मी चौथीत होते तेव्हा आम्हाला पाढे शिकवले. बर्फात बसले तेव्हा माझंही डोकं घण घातल्यासारखं ठणकायला लागलं होतं.

बंबवाले आले. तोंडाला नळ्या लावून आत गेले. हातातलं यंत्र आत जाताच किंचाळायला लागलं, मी रस्त्यावरून ऐकलं. कुसुमताईंना त्यांनी बाहेर आणलं, पण त्या गेल्या होत्या. त्यांच्यातले दोघं मागं गेले आणि फावड्यानं भिंतीपासचा बर्फ उकरला. मग मला कळलं ते पाइप कशाचे. तळघरात गॅसवर चालणारी भट्टी असते, तिच्यामुळं घर गरम होतं. तिची वाईट हवा त्या पाइपातून बाहेर जाते. बर्फानं पाइप बुजला आणि ती हवा घरातच फिरत राहिली. जितकं गरम वाढवलं तितकी जास्त. जितक्या फटी बुजवल्या तितकी आत कोंडली. तिला वास नसतो, रंग नसतो.

घरातली हवा मोकळी झाल्यावर एक बंबवाला स्वयंपाकघरात छताकडं बघत उभा राहिला. मग धावत आलेल्या सुनीलला आणि मला आत बोलावून त्यानं सुनीलला विचारलं. सुनीलनं मला मराठीत विचारलं, "आई, इथं अलार्म होता ना? तो धुराचाही असतो आणि ह्या गॅसचाही. कुणी काढला?"

मी त्या पांढऱ्या चकतीकडं बघितलं. मी म्हणलं, "मला काय माहीत."

आमच्या गावाकडं बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवतात. थोरल्याच्या वेळी मला ठेवले होते, पौषात, कडाक्याची थंडी. माझी सासू तोंडानं फाटकी बाई, मला कधी गोड बोलली नाही. पण निखारे आत आले की ती दार उघडं ठेवून स्वतः उंबऱ्यात बसायची, वाऱ्यात, कांबळं गुंडाळून. मी आतून म्हणायची, आत्याबाई, दार लावा, गारठा येतो. ती म्हणायची, "गारठ्यानं कुणी मरत नाही एका रात्रीत. गप पड." खालच्या आळीतली एक बाळंतीण आणि तिचं लेकरू बंद खोलीत गेलं होतं, तिनं बघितलं होतं.

म्हणजे मला हे ठाऊक होतं. निखारा आणि बंद दार, हे मला वयाच्या अठराव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण इथं निखारा दिसत नाही. इथं ऊब भिंतीतून येते, जमिनीतल्या जाळीतून येते, बटण फिरवलं की येते. मला ती ऊब म्हणजे विस्तव आहे हे सुचलंच नाही. माझ्या सासूनं जे शहाणपण थंडीत बसून राखलं ते मी सात समुद्रापार येऊन विसरले.

अमोल आणि मृदुला तिसऱ्या दिवशी पोचले. इथला अंत्यविधी स्वच्छ असतो. गालिचा असतो, खुर्च्या असतात, पाणी प्यायला बाटल्या. लाकूड नाही, धग नाही, डोळ्यात धूर जात नाही म्हणून रडायला निमित्त नाही. एक बटण असतं. अमोलनं दाबलं. बाहेर आलो तर बर्फ पडतच होता.

त्यांच्या घरी मी चहा करत होते तेव्हा अमोल मृदुलाला म्हणाला, "तूच म्हणायचीस ना, कॉलमध्ये आवाज येतो. तूच काढलास तो अलार्म." ती म्हणाली, "अमोल, मी हात पण लावला नाही." तो म्हणाला, "मग काय आई चढली स्टुलावर? तिचे गुडघे?" त्यांना ड्रॉवरमध्ये ती डबी सापडली होती, फडक्यात गुंडाळलेली.

माझ्या हातात गाळणं होतं. मी चहा गाळला. सहा कप होते, सहाही भरले.

घरी येऊन मी सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "आई, कुणाला बोलू नकोस. इथं असल्या गोष्टीत पोलीस विचारतात, वकील येतात. तुझे कागद, तुझं इथं राहणं... आणि आता बोलून त्या परत येणार आहेत का?" पोटच्या पोराला भीती वाटली ती मला दिसली. मी गप बसले. त्याच्यामुळं गप बसले असं सांगितलं तर खोटं होईल. मलाही गप बसायचं होतं.

मग मी रोज त्यांच्याकडं आमटी नेऊन देऊ लागले. कधी पिठलं, कधी उसळ. मृदुला दार उघडायची, थँक्यू मावशी म्हणायची. महिन्या-महिन्यानं ती वाळत गेली. अमोल तळघरात झोपायला लागला. उन्हाळ्यात पल्लवी कुजबुजली, "दोघांचं काही खरं नाही, ती वेगळं घर बघतेय." मी भांडं घेऊन जायची आणि रिकामं भांडं घेऊन यायची. आयुष्यभर मी उन्हात दगड फोडले, लोकांची धुणी धुतली, नवरा गेल्यावर तीन पोरं एकटीनं वाढवली, कधी कुणाचं काही लपवलं नाही. म्हातारपणी ही सवय लागली.

परवा बर्फ थांबला तशी मी खिडकीशी उभी होते. मागच्या बाजूला, त्यांच्या घरामागं, मृदुला एकटी फावडं मारत होती. पुढचं अंगण तसंच, गाडी तशीच, आणि ही मागं भिंतीपाशी. मग खाली बसली आणि हातमोज्यानं त्या पाइपाच्या तोंडाचा बर्फ कुरतडून काढायला लागली. स्वाती म्हणाली, ती दर बर्फाला असंच करते. दोन दोन तासांनी. गेल्या वर्षी त्या दिवसानंतर जितका बर्फ पडला, तितक्या वेळा.

मी बूट घातले. सुनील म्हणाला, "आई!" मी थांबले नाही.

ती म्हणाली, "मावशी, कशाला आलात? पडाल ना."

मी म्हणलं, "मृदुला, ती डबी मी काढली होती."

"कुठली?"

"छताची. दिवाळीच्या आधी, ठेचा करताना. तू कॉलवर होतीस. मी स्टुलावर चढले, मी काढली, मीच ड्रॉवरमध्ये ठेवली. परत लावते म्हणाले आणि लावली नाही."

तिनं फावडं बर्फात उभं केलं. माझ्याकडं बघितलं. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मग म्हणाली, "वर्षभर?"

"हो."

"मावशी, मला वाटायला लागलं होतं की मीच काढली असेन आणि विसरले असेन. मी बसून आठवायचे. कुठल्या दिवशी, कुठल्या मीटिंगला. मला ते दिसायलाही लागलं होतं, माझा हात वर जाताना."



"तुम्ही रोज यायचात," ती म्हणाली. "आमटी कशाला आणत होतात?"

 

आवाज ऐकून अमोल मागच्या दारात आला. त्यालाही मी तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. मला वाटलं ओरडेल. तो पायरीवर बसला, पायात नुसते मोजे. त्यानं एवढंच विचारलं, "आई काय म्हणाली होती तेव्हा? तुम्ही काढलात तेव्हा?"

मी म्हणलं, "हसत होत्या. म्हणाल्या, लावून द्याल नं मग."

तो उठून आत गेला. मृदुला परत पाइपाशी बसली. मला कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी माझी आले. ती दोघं एकत्र राहतील का, मला माहीत नाही. माझ्यावर राग धरतील, धरावा. सुनील दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मी त्याला म्हणलं, तुझं वर्षभर ऐकलं, आता मला जमत नाही.

काल दुपारी मी ग्रुपवर बोट दाबून धरलं आणि हे सगळं बोलले. पल्लवीचे बर्फाच्या बाहुल्याचे फोटो वर होते, त्याच्या खालीच माझा आवाज गेला. कुणी बदाम टाकला नाही.  मग जोशीकाकांचा आवाज आला, खाकरून, "पार्वतीबाई, आमची पण ड्रॉवरमध्येच आहे. हिची मिरचीची फोडणी असायची, तेव्हा काढली होती. ती जाऊन चार वर्षं झाली. आत्ता लावतोय." मागून स्टूल सरकवल्याचा आवाज. मग पल्लवी. मग अजून दोघं. हळूहळू सगळ्यांनी कबूल केलं. एका कॉलनीत इतकी घरं, आणि त्यातल्या किती घरांत ती छतावर नव्हती, ते मी इथं लिहीत नाही. लाज वाटते.

मला लिहिता येत नाही नीट, रिया बसून हे उतरवून घेतेय, तिला अडलं की स्वातीला विचारते. आमच्या मंडळाच्या अंकात छापणार आहेत. वाचणारे सगळे आपलेच, फोडणी करणारे. तुम्हाला एकच सांगणं आहे. हे खाली ठेवा, उठा आणि स्वयंपाकघराचं छत बघा. डबी नसेल तर आजच सेल घालून लावा. ओरडली तर ओरडू दे, खिडकी उघडा, टॉवेल हलवा. बर्फ पडला की फोटो काढायच्या आधी घरामागं जा आणि पाइप मोकळा करा. जवळ कुणी म्हातारं माणूस एकटं असेल आणि डोकं दुखतंय म्हणालं, तर औषध सांगू नका. त्याच्या दारात जा, दार उघडा आणि त्याला बाहेर काढा.